पाच तालुके, एक फ्लॉपी

दर सोमवारी अकराच्या सुमाराला एक मुलगी आमच्या ऑफिसच्या दारात उभी राहायची. कमठाण्याहून यायची. चप्पल बाहेर काढायची, खरं तर ऑफिसात कुणीच काढत नाही. उंबऱ्यावरूनच विचारायची, "बाई, लिस्ट लागली का?" मी "नाही" म्हणायचे. ती "बरं" म्हणायची आणि जायची. चिडचिड नाही, गयावया नाही. सहा-सात महिने हे असंच चाललं.

लिस्ट म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या निवडीची यादी. मी तेव्हा बीदरच्या एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर काम करत होते. त्याआधी पंधरा वर्षं टायपिस्ट होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, ऑफिसात मशीन आलं, आणि टायपिंगचा वेग बरा म्हणून मला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला बेंगळुरूला पाठवलं. परत आले तेव्हा माझ्या टेबलावर मशीन होतं आणि खोलीत जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांच्या अर्जांची पोती. उन्हाळाभर मी ते अर्ज मशीनमध्ये भरले. तालुक्याला एक फाईल, अशा पाच फायली. त्या मुलीचा अर्ज मीच भरला होता. बीदर तालुक्यात जागा अकरा होत्या आणि गुणांच्या क्रमाने तिचा नंबर नववा लागत होता. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. सांगायची परवानगी नव्हती, म्हणून मी सांगितलं नाही.

दुसरीही एक गोष्ट मला माहीत होती. ऑक्टोबर संपायच्या आत यादी गुलबर्ग्याच्या विभागीय कार्यालयाच्या बोर्डावर लागली नाही, तर ती रद्द होणार होती. मग नवी जाहिरात, नवे अर्ज. आणि त्या मुलीचं वय नोव्हेंबरात मर्यादेबाहेर जात होतं. अर्जावरची तिची जन्मतारीख मीच टाईप केली होती. नव्या जाहिरातीला ती अर्जच करू शकली नसती.

बीदरला छोटा प्रिंटर होता. रुंद कागदावर छापायचा मोठा प्रिंटर गुलबर्ग्याला. तेव्हा फायली तिकडे न्यायच्या, तिथं इतर जिल्ह्यांच्या याद्यांत मिसळायच्या, छापायच्या, लावायच्या. पाच फायली एका फ्लॉपीत मावेनात. वरून आलेल्या पत्रात लिहिलं होतं की फायली दाबून एका गठ्ठ्यात बांधायच्या प्रोग्रामने एकत्र करून एकाच फ्लॉपीवर पाठवा, इथं सोडून घेऊ. तो प्रोग्रामही त्यांनीच पाठवला होता. काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची, शेवटी एक अक्षर द्यायचं. एका अक्षराने फायली बांधल्या जातात आणि मूळ फायली जागेवर राहतात. दुसऱ्या अक्षराने बांधल्या जातात आणि मूळ फायली पुसल्या जातात. मशीनची डिस्क गच्च भरली होती, साहेब रोज जागेसाठी कटकट करत होते. मी दुसरं अक्षर दिलं. जाणूनबुजून दिलं, चुकून नाही. फ्लॉपीची दुसरी कॉपी करायला हवी होती. ती केली नाही. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट होती ती.

हे सगळं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी झालं. फ्लॉपी मी कव्हरात घालून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि चावी नियमाप्रमाणे दफ्तरी अप्पांकडे दिली. नवमीला मी दरवर्षी रजा टाकते. त्या दिवशी ऑफिसात आयुधपूजा असते. टाईपरायटर, जीप, पंचिंग मशीन, कपाटं, सगळ्यांना झेंडूचे हार आणि कुंकू. आमच्या घरातले देव मी नऊ-दहा वर्षांची असताना, छप्पन साली, आजोबांनी उचलून ठेवले ते कायमचे. तेव्हापासून आमच्याकडे पूजाअर्चा नाही. मी ऑफिसात असले की सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, मलाही होतं, म्हणून रजा. माझ्या टेबलाला, मशीनला हात लावायचा नाही एवढं मी सांगून ठेवलं होतं. अप्पा मात्र दर वर्षी चुरमुरे आणि पेढ्याचा तुकडा कागदात बांधून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. तो मी खायचे.

महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पहाटेच्या बसने मी निघाले. हुमनाबादला बस अर्धा तास थांबली. साडेदहाला गुलबर्ग्याच्या ऑफिसात होते. दुपारी दोनपर्यंत काम होईल, चारची परतीची बस मिळेल, असा माझा हिशेब होता.

तिथला मशीन चालवणारा माणूस पन्नाशीचा होता, मुसलमान, घरची बोली दख्खनी. मी त्याला भाई म्हणायचे, तो मला मॅडम. पूर्वी फोनवर बोलणं झालं होतं, भेटलो पहिल्यांदा. फ्लॉपी कव्हरातून काढून त्याने ड्राईव्हमध्ये सारली, खटका खाली केला आणि गठ्ठ्यातल्या फायलींची यादी मागितली. पडद्यावर पाच नावं आली. औराद, बसवकल्याण, भालकी, बीदर, हुमनाबाद. समोर आकार, तारीख, वेळ.

"आ गए पांचों," तो म्हणाला. "अब चाय पीते."

चहा पिताना त्याने गठ्ठा सोडायची आज्ञा दिली. औराद सुटलं. बसवकल्याण सुटलं. भालकी सुटलं. बीदरला ड्राईव्हमधून कर्र कर्र आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग पडद्यावर अक्षरं उमटली की फाईल तपासणीत नापास. पुढे हुमनाबादला पोचायच्या आतच मशीनने विचारलं, थांबू, पुन्हा वाचू, की सोडून देऊ?

ही तपासणी काय असते ते मला ठाऊक होतं. गठ्ठा बांधताना प्रोग्राम प्रत्येक फाईलवर एक आकडा घालून ठेवतो. सोडताना पुन्हा तोच आकडा काढतो. दोन्ही जुळले तर माल शाबूत. जुळले नाहीत तर कुठंतरी काहीतरी गेलं. काय गेलं, कुठं गेलं, हे तो सांगत नाही.

मी पुन्हा वाच म्हणून आर दाबला. पुन्हा तेच. पुन्हा दाबला. वीसेक वेळा दाबला असेल.

"मॅडम, कित्ते बार दबाते जी? उंगली घिस जाती, फ्लॉपी नै सुधरती."

"मग काय करू?"

"ठैरो. तुमारा प्रोग्राम नवा, मेरा पुराना. उसकी वजह से होता होएंगा."

त्याच्याकडचा सोडायचा प्रोग्राम खरंच जुना होता. आम्हाला पाठवलेला नवा प्रोग्राम मी वेगळ्या फ्लॉपीवर बरोबर आणला होता, तो घातला. आता प्रोग्रामला नुसतं तपासायला सांगितलं, सोडायला नाही. औराद ठीक, बसवकल्याण ठीक, भालकी ठीक. बीदर नापास, हुमनाबादपर्यंत पोचलाच नाही. मग गठ्ठाच उचलून त्याच्या मशीनच्या डिस्कवर घ्यायचा प्रयत्न केला. अर्ध्याहून थोडं पुढे जाऊन अडकला. शेजारच्या खोलीत दुसरं मशीन होतं, त्याच्यात घालून पाहिलं. तिथंही तसंच, त्याच जागी.

बारा वाजले होते. वरचे साहेब दारात येऊन गेले. "साडेपाचला बोर्डाला काच लावून कुलूप घालतो," ते म्हणाले. "चार तालुके आले तर चार लावू. पण मग बीदरचं रद्द समजा." शांतपणे म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते सोपं होतं.

मी अर्जांची पोती आठवत होते. ती बीदरलाच होती, पण बीदर तालुक्याचे अर्ज भरायला मला तीन आठवडे लागले होते. साडेपाच तासांत होण्यासारखं ते नव्हतं, आणि पोती साडेतीन तास लांब. माझ्या मशीनवर मूळ फाईल नव्हती, कारण ती मीच पुसली होती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. ती मुलगी सोमवारी येईल, चप्पल काढेल, विचारेल. मी काय सांगणार होते? तुमची फाईल तपासणीत नापास झाली?

आत आले तर भाईने ड्राईव्ह उघडला होता. एका काडीला कापूस गुंडाळून, तो स्पिरिटमध्ये बुडवून, आतलं वाचणारं हेड पुसत होता. धुळीमुळे होतं कधीकधी. कापूस बाहेर काढला आणि त्याने तो माझ्यासमोर धरला.

"ये क्या? मेहंदी?"

कापूस लाल होता. तेलकट लाल. आम्ही फ्लॉपी उलटी करून पाहिली. तोवर कुणीच उलटी केली नव्हती, लेबलची बाजू वर धरूनच आत सारली होती. खालच्या बाजूला, चकती दिसते त्या लांबट खिडकीत, एक लालसर पट्टा पसरला होता. मी आर दाबदाबून त्या डागाला चकतीवर फिरवला होता. प्रत्येक वेळी थोडा जास्त.

कुंकू. मला कळायला क्षणही लागला नाही. बाकी काय असणार?

बीदरला अर्जंट ट्रंक कॉल लावला. पाऊण तास लागला तो मिळायला. फोन अप्पांनीच उचलला, कारण दुपारी जेवायच्या वेळी फोनपाशी तेच बसतात. अप्पा म्हणजे आमचे दफ्तरी, निवृत्तीला आलेले, घरी कन्नड बोलणारे, आमच्याशी आमच्यासारखं बोलणारे. वयाने माझ्याहून बरेच मोठे, पण मला अक्का म्हणायचे.

"अप्पा, नवमीला माझं कपाट उघडलं होतं?"

"उघडलं की अक्का. चावी माझ्यापशीच देऊन गेलता न्हवं."

"आतल्या फ्लॉपीला हात लावला?"

"हात कशाला लावू? नुस्तं बोट लावलं."

"कशाचं बोट?"

"कुंकवाचं. सगळ्या ऑफिसला लावलं, तुमच्या एकटीचंच कामून ठेवायचं? टेबलाला, मशीनला लावू नका म्हणलाव, न्हाई लावलं. कपाटातल्याचं काई बोललाव न्हाई तुम्ही. तुम्ही मानत न्हाई, व्हय, मला ठावं हाय. पर बिनापुजेचं अवजार उलटतंय. तुमच्यावर उलटाया नगं म्हणून लावलं."

"कुठं लावलं?"

"कव्हरातनं जरा बाहेर सरकवली, तर त्या काळ्या पाटीला लांबट डोळा हाय बघा, त्याच्यात. तिला कपाळच न्हाई, मग कुठं लावायचं?"

मी डोळे मिटले. ओरडायला वेळ नव्हता, तीन मिनिटांचा कॉल होता. एकच गोष्ट विचारायची होती. "पाण्यात कालवलं होतं का तेलात?"

"तेलात. करडईच्या. पाण्यातलं लोखंडावर ऱ्हात न्हाई, चार दिसांत झडतंय. कामून अक्का? काई बिघडलं का?"

"काही नाही," मी म्हटलं. तेवढ्यात कॉल तुटला.

तेल म्हणजे नुसतं पुसून जाणार नव्हतं. पुसलं तर पसरणार. स्पिरिट चकतीवर घालायला भाई तयार नव्हता, वरचा थर निघतो म्हणाला. मग म्हणाला, "हैदराबाद में एक इंजिनियर था. उसकी फ्लॉपी पे चाय गिरी थी. उन्ने काट के निकाला, धोया, दूसरे खोल में डाला. चली बोलते. मैं देखा नै, सुना."

"चली?"

"सुना, बोला ना."

ऐकीव गोष्ट होती. पण दुसरी कुठलीच नव्हती. मी ब्लेड मागितलं.

ती काळी चौकोनी पिशवी एका कडेने ब्लेडने उसवली. आतून तपकिरी चकती निघाली, एक्स-रेच्या कागदासारखी पातळ, मध्ये भोक असलेली. पिशवीच्या आतल्या बाजूला पांढरं मऊ अस्तर होतं, तेही लाल झालेलं. ती पिशवी आता निकामी. नवा खोल, म्हणजे बाहेरची पिशवी, पाहिजे. भाईने सीलबंद डब्यातून एक नवी फ्लॉपी काढली आणि तीही कापून दिली.

"रजिस्टरमध्ये काय लिहिणार?" मी विचारलं.

"लिख देता, खराब निकली. झूट थोडी है, अब्बी खराब हुई."

चकती धुवायचं काम माझंच. माझ्या खांद्याच्या पिशवीत अंगाच्या साबणाची वडी होती, प्रवासात मी ती ठेवते. माठातलं पाणी एका स्टीलच्या ताटलीत घेतलं, त्यात साबण जरासा फिरवला, हात आधी कोपरापर्यंत धुतले. चकती फक्त कडेला धरायची, मधे बोट लावायचं नाही. फेस तळहाताने नाही, बोटांच्या पेरांनी, वर्तुळात. तेल निघतं आहे का हे पाण्यावरून कळत होतं. पहिलं पाणी गुलाबी, दुसरं फिकट, तिसरं स्वच्छ. मी अशा रीतीने माझ्या मुलांची तोंडंही धुतली नसतील. मग नुसत्या पाण्याने दोनदा. मग धुतलेल्या मलमलच्या रुमालावर ठेवून पंख्याखाली.

तीनला करंट गेला. त्या दिवसांत गुलबर्ग्याला रोज दुपारी जायचा. पंखा थांबला. मी वर्तमानपत्राची घडी घेऊन चकतीला वारा घालत बसले. भाई नमाजाला गेला, परत आला, दुसरी घडी घेऊन समोर बसला. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोन मोठी माणसं ताटलीतल्या कसल्याशा कागदाला वारा घालताहेत असं वाटलं असतं. चारला साहेबांचा शिपाई विचारून गेला. सव्वाचारला विचारून गेला. घड्याळ भिंतीवर होतं, मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

साडेचारला करंट आला. चकती कोरडी होती. नव्या खोलात सारली, कडेला चिकटपट्टी लावली, ड्राईव्हमध्ये घातली. यादी मागितली.

मशीन म्हणालं, ड्राईव्ह वाचता येत नाही.

पाच नावंसुद्धा नाहीत. सकाळी निदान नावं होती. आता काहीच नव्हतं. भाईने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि "या अल्ला" म्हणाला. मला वाटलं, मीच धुऊन टाकलं सगळं. तीन तालुके तरी सुटले होते सकाळी, ते त्याच्या डिस्कवर होते म्हणून वाचले. बीदर आणि हुमनाबाद मात्र माझ्या हातांनी साबणाच्या पाण्यात गेले. आधी निदान हुमनाबादची आशा होती. आता दोन तालुके. मी खुर्चीत बसले. फक्त त्या मुलीच्या चपला दिसत होत्या. रबरी, निळ्या पट्ट्याच्या, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.

मग आठवलं, ताटलीतून रुमालावर घेताना मी चकती उलटवली होती. धुण्याचं कापड झटकून पालथं घालावं तशी, हाताच्या सवयीने. तिला दोन बाजू होत्या आणि मी ती खोलात उलटी घातली होती.

"भाई, उलटी आहे. उघडा."

चिकटपट्टी काढली, चकती फिरवली, पुन्हा लावली. यादी मागितली. पाच नावं आली. चहाचं नाव या वेळी त्याने काढलं नाही. आधी अख्खा गठ्ठा डिस्कवर घ्यायला सांगितला. अर्ध्याच्या पुढे ड्राईव्हने एकदा कर्र केलं. थांबला. माझा हात आरकडे गेला, भाईने तो धरून बाजूला केला. "नक्को. उसको खुद पढ़ने दो." ड्राईव्ह पुन्हा फिरला. कॉपी झाली. मग प्रोग्रामला तपासायला सांगितलं. औराद ठीक. बसवकल्याण ठीक. भालकी ठीक. बीदर, थोडा वेळ काहीच नाही, मग ठीक. हुमनाबाद ठीक.

पुढचं सगळं घाईचं. मिसळणं, क्रम लावणं, रुंद कागदावर छापणं. मोठा प्रिंटर इतका आवाज करायचा की बोलताच यायचं नाही, ते बरंच झालं. कागदाची शेवटची घडी फाडून शिपायाच्या हातात दिली तेव्हा साडेपाचला चार-पाच मिनिटं होती. खळ लावून त्याने ती बोर्डावर चिकटवली, साहेबांनी काचेला कुलूप घातलं. मी काचेतून बीदर तालुका शोधला. नववं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. अकराव्यापर्यंत मोजलं.

परतीची शेवटची बस उभी होती. बसायला जागा मिळाली नाही, हुमनाबादपर्यंत उभीच होते.

सोमवारी अकराला ती आली. चप्पल काढली. "बाई, लिस्ट लागली का?"

"लागली. नववा नंबर."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बघून येऊ का गुलबर्ग्याला?"

"मी बघितलंय."

"तरी बघून येते, बाई. आई म्हणंल, कुणी सांगितलं." आणि खरंच त्याच पावली बसस्टँडकडे गेली. पुढे तिला तालुक्यातल्याच एका शाळेत नेमणूक मिळाली. पेढे घेऊन आली होती एकदा. फ्लॉपीचं तिला मी सांगितलं नाही, सांगून काय होणार होतं?

अप्पांना सांगायचं मी ठरवलं होतं. बसमधे उभी असताना चांगली वाक्यं जुळवली होती. पण सोमवारी त्यांनीच विचारलं, "लिस्ट लागली म्हणं?"

"लागली."

"बघा! बोट लावलं म्हणून लागली. तुम्ही न्हाई मानत, व्हय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. तो माणूस खुशीत होता, माझ्यासाठी खुशीत होता. मी म्हटलं, "अप्पा, पुढच्या वर्षीपासून मी सांगेन त्यालाच बोट लावायचं. दुसऱ्या कशाला नाही."

"बरं. पर लावायचं."

"लावायचं."

कापलेला तो पहिला खोल मी पिशवीतून परत आणला होता. त्यात चकती नव्हती, नुसती काळी पाटी होती, अस्तर लाल झालेली. तिच्यावर नवं लेबल चिकटवून मी ती कपाटाच्या वरच्या फळीवर सगळ्यांत पुढे ठेवली. खऱ्या फ्लॉप्या मागच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात, दोन-दोन कॉप्या करून. डब्याची चावी माझ्याकडे.

पुढच्या नवमीला मी रजेवर गेले, परत आले, कपाट उघडलं. वरच्या फळीवर त्या रिकाम्या पाटीच्या डोळ्यात ताजं कुंकू होतं, करडईच्या तेलाचा वास येत होता. ड्रॉवरमध्ये चुरमुरे होते. ते खाऊन मी कामाला बसले.